पातेरा जाळू नका राव! लाल मातीच्या परसात स्वयंपाकघरातला कचरा कसा मुरवायचा

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या कोकणातल्या वाडीत सकाळी सकाळी धूर. आंब्याचा, फणसाचा, काजूचा पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, झाडायचा, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला टेकवून ढीग करायचा आणि काडी लावायची. त्याच घरातली भाजीची देठं, केळीची सालं, नारळाचा चोथा मागच्या दारानं गडग्यापलीकडं भिरकवायचा. आणि मग मे संपता संपता दुकानातून खताची गोणी आणायची. मी पण हेच करायचो, २०२० मध्ये मुंबई सोडून गावी आलो तेव्हा पहिली दोन वर्षं अगदी इमानदारीत हेच केलं. आता जे करतो ते इथं लिहितोय, ज्यांचं परसू लाल मातीचं आहे आणि ज्यांच्याकडं चार महिन्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो त्यांच्यासाठी. कारण व्हिडिओत दाखवतात ते बहुतेक घाटावरच्या नाहीतर शहरातल्या गच्चीवरच्या कोरड्या हवेतलं असतं, ते आपल्याकडं जुलैत चालत नाही, हे मी नाक धरून शिकलोय.

आधी माती समजून घ्या, दोन मिनिटं लागतील पण मग पुढचं सगळं आपोआप कळतं. आपली माती म्हणजे जांभ्याची भुकटी. ह्या दगडाला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात, १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं केरळातला असाच दगड बघून ते नाव ठेवलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून, कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते. आपण त्याला चिरा म्हणतो आणि आपण पण तेच करतो. तर हा दगड होतो कसा, तर लाखो वर्षं पाऊस पडून पडून त्यातला चुना, पोटॅश वगैरे विरघळणारं सगळं धुऊन गेलं आणि मागं उरलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. लाल रंग त्या लोखंडाच्या गंजाचा. अशी माती आंबट असते, पीएच साधारण ५ ते साडेसहाच्या मध्ये, आणि दुसरी गोम अशी की तुम्ही फॉस्फरस म्हणजे स्फुरद टाकलंत की हे लोखंड-ॲल्युमिनियम त्याला धरून बसतं, झाडाला सुटूच देत नाही. आणि पोटॅश, नत्र ह्यांचं उलट, ते धरायला मातीत काही नाही म्हणून पहिल्या चार सरींत वाहून वहाळात.

म्हणजे आपल्याकडं प्रश्न खत कमी पडण्याचा कमी आणि ते न टिकण्याचा जास्त आहे. फुटक्या कळशीत कितीही पाणी ओता. जे अन्न धरून ठेवतं ते म्हणजे ह्यूमस, ते काळं, भुसभुशीत, जंगलात झाडाखाली उकरलं की लागतं ते. ते स्फुरदाला पण थोडं मोकळं ठेवतं. आणि ते नुसत्या भाजीच्या सालींनी होत नाही, साली कुजून पाणी होतात आणि जातात. त्याला पातेरा लागतो. म्हणून धूर बघितला की माझा जीव तुटतो.

शेजारचे अण्णा मला म्हणाले होते, "अरे, राब भाजताना आमच्या बापजाद्यांनी काय केलं मग?" बरोबर आहे, भाताच्या रोपासाठी कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, शेण, पातेरा पसरून भाजतात, त्यानं तण मरतं, राखेतलं पोटॅश मिळतं, रोप जोरात येतं. पण ते दोन गुंठ्याच्या राबापुरतं होतं हो. परसातला सगळा पातेरा दरवर्षी जाळायचा म्हणजे मातीचं जेवणच जाळायचं. अण्णा अजून जाळतात, पण हल्ली आधी गडग्यावरून हाक मारतात, "नेतोस काय रे?" मी हातगाडी घेऊन जातो.

माझा पहिला खड्डा

जून २०२२. परसात दोन फूट खोल खड्डा मारला, रोजचा स्वयंपाकघरातला कचरा त्यात, वर जरा माती. आठ दिवसांनी मृग लागला. खड्ड्यात कमरेएवढं नाही पण गुडघ्याएवढं पाणी, वर केळीची सालं तरंगतायत, आणि वास असा की आई पडवीत बसून ओरडली, "कुजवायचं ते कुजव बाबा, पण माझ्या नाकाखाली नको!" मग घुशी आल्या. मग कुत्री आली घुशींच्या मागं. खड्ड्यात पाणी भरलं की हवा संपते, हवा संपली की कुजणं थांबत नाही, सडणं सुरू होतं, वास त्याचाच. ते बुजवून टाकलं आणि त्यावर केळ लावली, केळ मात्र झकास आली ती गोष्ट वेगळी.

तेव्हा पहिला नियम: आपल्याकडं ढीग जमिनीच्या वर, खड्ड्यात नाही. खड्डा फक्त नोव्हेंबर ते मे.

हौद

मी चार बाजूंनी चिरे रचलेत, सिमेंट न लावता, मधे बोटभर फटी ठेवून, तीन फूट लांब तीन फूट रुंद तीन फूट उंच. ह्यापेक्षा लहान केलात तर ढीग तापत नाही, मोठा केलात तर मधे हवा जात नाही आणि ढवळताना कंबर जाते. समोरच्या बाजूचे चिरे सुटे, काढता येतील असे, म्हणजे खत खालून ओढता येतं. चिरे नसले तर बांबूच्या कामट्या लावा, जुनी जाळी लावा, काही फरक पडत नाही. खाली फरशी नको, माती हवी, गांडुळं खालून चढतात. जागा जरा उंचवट्यावर, सावलीत, विहिरीपासून लांब आणि मोरीच्या दारापासून फार लांब नाही, नाहीतर पावसात कोणी जात नाही तिथपर्यंत, मी सांगतो.

वर छप्पर. हे सोडू नका. माडाच्या झावळ्यांचे झाप विणणारं कोणी असेल तर झापांचं, नाहीतर पत्र्याचा जुना तुकडा, उतार देऊन, चारी बाजूंनी हातभर पुढं आलेला. प्लास्टिक सरळ ढिगावर अंथरू नका, त्यानं आत घाम येतो आणि पुन्हा तेच सडणं.

असे दोन हौद हवेत. एक भरत असतो, दुसरा मुरत असतो. एकच असला की तुम्ही वर ताजं टाकत राहणार आणि खालचं कधी तयार झालं ते कळणारच नाही.

ओलं आणि सुकं

सगळी कला इथंच आहे. सोपा हिशोब: ओल्याची एक बादली, सुक्याच्या दोन ते तीन बादल्या. ओलं म्हणजे भाजीची देठं, साली, चहाची पावडर, शिळी फुलं, ताजं गवत, शेण, ह्यात नत्र जास्त. सुकं म्हणजे पातेरा, भाताचा पेंढा, सुपारीची विरी चिरून, लाकडाचा भुसा, कोरा पुठ्ठा, ह्यात कार्बन जास्त. जीवाणूंना साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नत्र असं जेवण आवडतं. नुसतं ओलं टाकलंत तर नत्र अमोनिया होऊन उडतो, डोळ्यात झोंबतो तो वास, आणि नुसता पातेरा टाकलात तर वर्षभर तसाच बसून राहतो आपल्याकडं बघत.

पातेरा सगळा एकसारखा नसतो. आंब्याचं नि फणसाचं पान चामड्यासारखं जाड, ते अख्खं टाकलं की एकावर एक चिकटून पत्रावळी होतात आणि मधून हवा पण जात नाही आणि पाणी पण. ते खळ्यात पसरून पायानं तुडवा, नाहीतर उन्हात दोन दिवस कडक करून गोणीत भरून काठीनं बडवा, पोरांना हे काम फार आवडतं. गिरिपुष्पाचा पाला हे मात्र सोनं, कुंपणाला लावलेला असतो बऱ्याच जणांकडं, त्याची कोवळी फांदी ओल्यात धरा, नत्र भरपूर आणि पटकन कुजतो.

पातेरा गोळा करताना एक गोष्ट. हातानं नाही. दाताळ्यानं ओढायचा, पायात बूट घालायचे. आपल्याकडच्या चिऱ्याच्या गडग्यात आणि सुक्या पानांत फुरसं असतं, विषारी साप तो, रंग पण पानासारखाच, आणि ते इतकं लहान असतं की लोक हलक्यात घेतात. चावलं तर मांत्रिक-बिंत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना.

थर लावताना सगळ्यात खाली नारळाची सोडणं, म्हणजे वरची तंतूंची जाड सालं, वाटीसारखी पालथी नाही तर उताणी, त्यावर काटक्या. सोडण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन धरतं, म्हणजे वरून झिरपणारं काळं पाणी फुकट जात नाही. मग वीतभर पातेरा, मग ओलं, मग पुन्हा पातेरा, आणि दर दोन थरांनी एक तांब्या पातळ शेणकाला किंवा आंबट ताक किंवा जुन्या खताची मूठ. विकतची कल्चर पावडर लागत नाही. वरचा थर नेहमी सुका. रोज ओलं टाकलं की लगेच दोन ओंजळी पातेरा वर, हे जर जमलं तर माश्या नाहीत, वास नाही, कटकट नाही. म्हणून हौदाशेजारी सुक्या पातेऱ्याच्या गोण्या भरून ठेवा, मे संपायच्या आत, पडवीत नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर, घरात चार-पाच माणसं असतील तर पावसाळ्याला दहा-बारा गोण्या तरी लागतात. जूनमध्ये सुकं कुठून आणणार? पहिल्या वर्षी माझ्याकडं दोनच गोण्या होत्या आणि ऑगस्टमध्ये मी जुने पेपर फाडत बसलो होतो.

काय टाकायचं, काय नाही

चहाची पावडर धुऊन टाका, दूधसाखर राहिली की मुंग्यांची रांग लागते. अंड्याची टरफलं वाळवून पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये पीठ करून, अख्खी टाकलीत तर तीन वर्षांनी पण तशीच सापडतील. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण ढिगात नको, ते थेट मिरचीला, कढीपत्त्याला घाला. केळीची साल पाण्यात भिजवून ते पाणी झाडाला घालायची फॅशन आली आहे, त्यात थोडं पोटॅश उतरतं, नाही असं नाही, पण सालीतलं बाकीचं जे आपल्या मातीला हवंय ते सगळं बाटलीतच राहतं, त्यापेक्षा साल चिरून ढिगात.

कोकमाची सालं आणि बिया, लिंबाची सालं ह्याबद्दल लोक विचारतात की आधीच माती आंबट त्यात हे कशाला. घरच्या वापराएवढं असेल तर खुशाल टाका, कुजताना तो आंबटपणा मरतो, तयार खत आंबट राहत नाही. आगळ म्हणजे कोकमाचा रस काढायचा धंदा असेल आणि पोती भरून चोथा निघत असेल तर मात्र वेगळा ढीग लावा आणि त्यात राखाडी मिसळा.

चुलीची राखाडी. अजून पाणी तापवायला चूल बऱ्याच घरी आहे. राखेत पोटॅश आणि चुना, आंबट मातीला दोन्ही हवेत, पण थोडी, आठवड्याला ओंजळभर शिंपडून. ताज्या शेणात किंवा माशाच्या कचऱ्यात राख कालवू नका, नत्र उडून जातो. कोळशाच्या भट्टीची किंवा प्लास्टिक जाळलेल्याची राख अजिबात नाही.

आंब्याचा मोसम म्हणजे सालींचा डोंगर. साली लवकर कुजतात. बाठे कुजत नाहीत, ते रुजतात, जूनमध्ये ढिगातून आंब्याची शंभर रोपं वर येतात, मी ती उपटून पिशवीत लावतो, कलमाला खुंट म्हणून कोणीतरी घेतंच. फणसाची चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेलं, गुरं असतील तर गुरांना. नसतील तर कोयतीनं बारीक तुकडे करा आणि चौपट पातेरा घ्या कारण त्यात पाणी आणि साखर भयंकर. एकदा मी पाच फणसांचं सगळं एकदम टाकलं, ढीग इतका तापला की सकाळी वाफ निघत होती. तसा ताप चांगलाच, ५०-६० डिग्रीला तणाचं बी मरतं, पण दुसऱ्याच दिवशी ढवळला नसता तर आतून आंबून दारूच झाली असती.

शिजलेलं अन्न, तेल, मीठ असलेली आमटी, लोणचं नको. त्यानं उंदीर-घुशी येतात, आणि उंदरांबरोबर लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, आपल्या जिल्ह्यांत दर पावसाळ्यात त्याचे पेशंट असतात. पायाला जखम असेल तर ढिगाजवळ अनवाणी जाऊच नका. थोडा उरलेला भात टाकायचाच असेल तर धुऊन, ढिगाच्या मधोमध गाडून.

करवंट्या टाकू नका, आपल्या हयातीत कुजणार नाहीत. सोडणांचा भुसा चांगला पण फार हळू, त्यातला कार्बन-नत्राचा हिशोब शंभराच्या वर जातो, म्हणून थोडा थोडा.

मासळीचं काय

हा खास आपला प्रश्न. बांगड्याची डोकी, कल्ले, पोटातली घाण, कोलंबीची सालं. टाकून देण्यासारखं नाहीये हे, नत्र आणि स्फुरद दोन्ही आहे, आणि स्फुरदाचीच तर आपल्याला ओढ. माडाला मासळी घालायची पद्धत आपल्याकडं जुनीच. पण उघड्या हौदात टाकलीत तर वाडीतली सगळी मांजरं तुमच्याकडं राहायला येतील.

मी असं करतो. माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून चार-पाच फुटांवर दीड फूट खोल खड्डा, त्यात पातेऱ्याचा थर, मासळीचं, पुन्हा पातेरा, मग माती घट्ट दाबून वर एक अख्खा चिरा. चिरा विसरलात तर रात्री कुत्री उकरणार, शंभर टक्के. पुढच्या वेळी खड्डा घड्याळाच्या काट्यासारखा थोडा सरकवायचा, असं करत आळ्याभोवती एक फेरी झाली की वर्ष गेलं. पावसाळ्यात हे बंद, पाणी भरतं. तसंही तेव्हा मासेमारी बंद असते, त्यामुळं घरात ताजी मासळीच कमी.

गूळ आणि मासळी समान वजनानं बरणीत महिनाभर आंबवून ते लिटरला ५ मिली टाकून फवारतात, चालतं, मी पण केलं होतं. पण फुकटच्या डोक्यांसाठी किलोभर गूळ घालायचा हे आईला काही पटलं नाही आणि खरं सांगू का, मला पण नाही.

तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या म्हणजे शुद्ध चुनाच जवळजवळ. अख्ख्या टाकून उपयोग नाही, चुलीत भाजा, ठिसूळ होतात, मग कुटून भुकटी. ती भाजीच्या वाफ्यात मूठ मूठ, फार नाही. आपल्याकडं शिंपल्या भाजूनच चुना करायचे पूर्वी. सुक्या मासळीचा, खाऱ्याचा कचरा मात्र भाजीला नको, मिठानं मुळं जळतात. माड सहन करतो, मिरची नाही करत.

ढिगातली जनावळ

करड्या रंगाच्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून फिनाईल ओततात. थांबा! त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, ओला कचरा आपल्यापेक्षा जोरात खातात, मोठी झालेली माशी चावत नाही, घरात अन्नावर बसायला पण येत नाही. फार झाल्या म्हणजे ढीग ओला जास्त आहे, सुकं वाढवा. कोंबड्या असतील तर सोडा तिकडं.

पण दुसरी एक अळी आहे तिला सोडायचं नाही. अंगठ्याएवढी जाड, पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, डोकं तपकिरी. ती गेंड्या भुंग्याची असू शकते. हा भुंगा शेणाच्या उकिरड्यात, खताच्या ढिगात, कुजक्या माडाच्या ओंडक्यात अंडी घालतो, अळी ढिगात तीन-चार महिने निवांत वाढते, तिथं ती काही वाईट करत नाही, पण भुंगा झाला की सरळ माडाच्या शेंड्यात भोक पाडतो, मग नवीन झावळी पंख्यासारखी कातरलेली बाहेर येते. म्हणजे आपण खत करतोय म्हणता म्हणता माडाचा शत्रू पाळतोय. उपाय एकच खरा, ढीग पडून ठेवायचा नाही. दर पंधरा दिवसांनी फावड्यानं उलटा आणि दिसेल ती अळी वेचा, कोंबडीला द्या. ढीग मोठा असेल तर मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती पाण्यात कालवून ढिगात शिंपडतात, ती बुरशी अळीला मारते. शेणाचा जुना उकिरडा असलेल्यांनी हे जास्त मनावर घ्या. हुमणीची अळी पण अशीच दिसते, आणि ती जिवंत मुळं खाते, त्यामुळं कुठली का असेना, वेचाच.

वाळवी आली म्हणजे ढीग सुकलाय, पाणी मारा. ओल किती हवी? मूठभर घेऊन पिळा, एखाद-दुसरा थेंब निघाला तर बरोबर, धार लागली तर सुकं घाला, काहीच नाही निघालं तर पाणी. एप्रिल-मे मध्ये आठवड्यातून दोनदा मोरीचं पाणी मारतो मी, साबणाचं नाही, भाजी धुतलेलं.

पावसाळ्यात

छप्पर आहे, सुकं साठवलंय, मग फार काही नाही. बाजूनं चर मारा म्हणजे खळ्यातलं पाणी हौदात शिरणार नाही. जुलैत कुजणं हळू वाटतं कारण ओल जास्त आणि हवा कमी, तेव्हा आठवड्याला एकदा काठीनं भोकं पाडली तरी पुरे. हौद कोणाला जमत नसेल तर पिंपाला खाली आणि बाजूनं भोकं पाडून दोन विटांवर ठेवा, पडवीत. रत्नागिरी-चिपळूणला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हेच, फक्त पातेऱ्याऐवजी सोडणाचा भुसा नाहीतर सुकवलेली पानं गावाहून येताना गोणीभर आणायची, नाहीतरी गाडीत तांदूळ आणि नारळ येतातच.

तयार झालं कसं ओळखायचं, आणि कुठं घालायचं

उन्हाळ्यात तीन-चार महिने, आंब्याचा पातेरा जास्त असेल तर सहा. ढीग बसून तिसऱ्या हिश्श्यावर येतो, हाताला गार लागतो, वास मातीचा येतो, ओळखीची पानं दिसत नाहीत. खात्री नसेल तर वाटीत घेऊन मेथी पेरा, चार-पाच दिवसांत नीट उगवली तर झालं, पिवळी पडली किंवा उगवलीच नाही तर अजून कच्चं आहे. कच्चं खत घातलंत तर तेच मातीतला नत्र खातं आणि झाडं उपाशी. वाळूच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेलं पुन्हा नव्या ढिगात, विरजण म्हणून.

आता सगळ्यात मोठी चूक, जी सगळे करतात: मे च्या शेवटी सगळं खत वाफ्यावर उघडं पसरायचं. जुलैपर्यंत ते वहाळात. त्यापेक्षा तवसं, पडवळ, शिराळं, कारलं लावायचं तिथं आळं उंच करा, हातभर व्यासाचं, त्यात दोन घमेली खत मातीत कालवून खाली, वर कोरी माती, आणि बी लावल्यावर वर पातेऱ्याचं पांघरूण. थेंबांचा मारा पातेऱ्यावर बसतो, माती उडत नाही. मग ऑगस्टमध्ये पुन्हा एक घमेलं. थोडं थोडं, दोनदा-तीनदा.

खरा मोठा डोस पाऊस गेल्यावर. ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर, लाल माठ, मुळा, वाल, मिरची, वांगी लावताना, मीटरभर लांब मीटरभर रुंद वाफ्याला दोन-तीन किलो, वरच्या चार बोटं मातीत मिसळून. तेव्हा घातलेलं एप्रिलपर्यंत तिथंच राहतं. किनाऱ्याला लागून पुळणीची म्हणजे रेताड माती असेल तर तिथं ह्याच्या दीडपट धरा, आणि वाफ्याखाली फूटभर खोल सोडणांचा एक थर उताणा पुरून ठेवा, पाच-सहा वर्षं तो थर पाणी धरतो.

माडाचं मात्र मनात खोटं ठेवू नका. मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखताची शिफारस असते, पाच माणसांच्या घरातल्या कचऱ्यातून तेवढं एका-दोन माडांपुरतंच होतं. परसातल्या भाजीला आणि दोन माडांना हे खत, बाकीच्यांना आळ्यात पातेरा, चुडतांचे म्हणजे झावळ्यांचे तुकडे आणि शेण, असं मी वाटून टाकलंय.

आणि एकदा तरी माती तपासून घ्या. दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, जिल्ह्याला माती परीक्षणाची सोय असते, तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारलं तरी नमुना कुठं द्यायचा ते सांगतात. परसातल्या सात-आठ जागांवरून वीतभर खोलीची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो द्या. खत घातल्या घातल्या नाही, पावसाळ्याआधी एप्रिल-मे मध्ये. पीएच साडेपाचच्या खाली आला तर नुसत्या खतानं भागणार नाही, चुना किती घालायचा ते रिपोर्टवरूनच ठरवा, अंदाजानं ओतू नका, माझ्या मावसभावानं ओतला होता, त्याची अबोली अजून रुसलेली आहे.

मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ असेल तर ते तसंच ठेवा, त्याला हात लावू नका. ते आज्जीनं लावलेलं असतं आणि ते बरोबर जागी असतं.